आबांची गाडी फोर एलमध्ये अडकली तेव्हा

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, मी बारावीच्या पेपरांचा गठ्ठा सोडत असताना, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आबांची जुनी पिकअप सांगोल्याच्या रस्त्यावरून चालली होती. मागे दोन टेम्पो, एक शाळेची गाडी आणि पाचसहा मोटारसायकली रांगेत होत्या. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर डुलत डुलत आला, त्याने हॉर्न दिला आणि पिकअपला मागे टाकून निघून गेला. ट्रॉलीवर बसलेल्या बायांनी वळून हात हलवले. व्हिडिओ टाकणाऱ्या चुलतभावाने त्याला सनई लावली होती.

खाली हसण्याच्या इमोजी आल्या. मग पुण्याहून माझ्या धाकट्या भावाने लिहिलं, "बास झालं आता."

आबा म्हणजे आमचे वडील. वय शहात्तर. सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहतात. आई जाऊन दोन वर्षं झाली. मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. मी भांडखोर आहे असं माझ्या सासरी म्हणतात. माहेरी ते सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यामुळे कोणी म्हणत नाही.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ती आधी पवनचक्क्यांच्या कामावर एका ठेकेदाराकडे होती, तिथून आबांनी घेतली. दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं, आत मागेही एक सीट, त्यामागे उघडा हौदा, रंग कधी काळी पांढरा. आमची डाळिंबाची बाग ओढ्यापलीकडे माळावर आहे. वाट मुरमाची आणि चढ असा की साधी गाडी भरल्या हौद्याने अर्ध्यावर थांबते आणि मागे सरकायला लागते. ह्या पिकअपला मात्र चारही चाकांना जोर देण्याची सोय आहे. त्यासाठी दांडा ओढावा लागत नाही, डॅशबोर्डवर एक गोल बटण आहे. ते तीन ठिकाणी फिरतं. पहिल्या ठिकाणी फक्त मागची दोन चाकं ओढतात, रोजच्या रस्त्यासाठी. दुसऱ्या ठिकाणी चारही. तिसऱ्या ठिकाणी चारही, पण अगदी सावकाश आणि भरपूर ताकदीने, त्याला सगळे फोर एल म्हणतात. फोर एलमध्ये गाडी शेणखताने भरलेला हौदा घेऊन माळ चढते. डांबरी रस्त्यावर मात्र ती बैलगाडीला वाट देत चालते आणि वळणावर चाकं कण्हतात.

त्या दिवशी आबा बागेत शेणखत टाकून खाली आले, ओढा ओलांडला, बटण पहिल्या जागी फिरवलं, आणि गाडीने ऐकलं नाही. फोर एलचा दिवा तसाच. त्यांना खताच्या दुकानात जायचं होतं. ते तसेच गेले, तसेच आले, आणि मध्ये कोणीतरी व्हिडिओ काढला.

भावाचा फोन संध्याकाळच्या आत आला. त्याच्याकडे आबांविरुद्ध बरंच काही साठलेलं होतं. दिवाळीच्या आधी विहिरीवरची मोटर दिवसभर चालू राहिली होती. एकदा नातवाला हाक मारताना त्यांनी आधी माझं, मग भावाचं, मग आमच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव घेतलं होतं. आणि आता हे. "ताई, ते बटण फिरवायचंच विसरले. अकरा किलोमीटर त्यांच्या लक्षातही आलं नाही. उद्या कुणाला धडकले तर?" रविवारी तो येणार होता. येताना गाडी बघायला एक गिऱ्हाईकही बोलावणार होता. चावी तो आबांकडून स्वतः मागून घेणार होता, कारण त्याच्या मते हे प्रेमाने करायचं काम होतं.

मी आबांना फोन लावला. ते म्हणाले, "गाडी थांबवली. न्यूट्रल केली. क्लच दाबला. बटण फिरवलं. धा आकडे मोजले. पुना मोजले. ती ऐकंना तर मी काय करू?"

"आबा, खरंच फिरवलं होतं का?"

 मग ते म्हणाले, "तूबी तसंच म्हन." आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्या बापाचा निकाल माझ्या धाकट्या भावाने पुण्यात बसून लावावा हे मला पटलं नाही. गाडीत दोष निघाला तर आबा सुटतील, आणि नाही निघाला तर निदान तपासून झालं असेल. मी बुधवारची किरकोळ रजा टाकली, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला वीज मोजायचा मल्टिमीटर पर्समध्ये घातला आणि सकाळची बस धरली.

आबा ओट्यावर बसले होते. चहा झाल्यावर ते म्हणाले, "ते बटण जरा बघ. लई जड फिरतंय. आदी असं नव्हतं."

मी त्यांना समजावून सांगितलं की बटण हा नुसता स्विच असतो, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं, खरं काम खाली मोटर करते. हे मी ज्या आवाजात सांगितलं तो मी मागच्या बाकावरच्या मुलांसाठी ठेवलेला आहे. आबांनी मान हलवली.

सांगोल्याहून गाड्यांची वायरिंग करणारे एक मिस्त्री आले. पन्नाशीचे, शांत, कानामागे पेन्सिल. त्यांनी आधी सगळे फ्यूज काढून उजेडात धरून पाहिले. सगळे शाबूत. मग चार चाकांचा रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा ठोकळा, काढून हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला. हॉर्न वाजला, गाडी फोर एलमध्येच राहिली. मग गाडीखाली जायचं ठरलं, कारण चाकांची ताकद बदलणारी ती छोटी मोटर खाली पोटाशी बसवलेली असते. मीही ड्रेसवर आबांचा जुना शर्ट चढवला आणि पोत्यावर पडून आत सरकले. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि घरात ओरडून म्हणाल्या, "अगं, मास्तरीनबाई गाडीखाली हाय!" मग त्यांच्या घरातले सगळे बघायला आले. मी पाय ओढून घेतले.

मिस्त्रींनी मोटरचं कनेक्शन सोडलं, त्यातला चिखल फुंकून काढला आणि बॅटरीवरून दोन वायरी आणून एक क्षण टेकवल्या. मोटर घर्र करून जागची हलली. उलट्या टेकवल्या, ती परत आली.

"मोटर ठणठणीत हाय," मिस्त्री म्हणाले. "वायर बी तुटल्याली न्हाय." बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि डॅशबोर्डखालच्या एका काळ्या डबीकडे बोट केलं. ती डबी बटणाकडून हुकूम घेते आणि मोटरला देते. "हितं घोळ हाय. मेंदू गेलाय."

मी आबांकडे बघितलं. मिस्त्रींनी तो व्हिडिओ पाहिलेला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "गाडीचा म्हन्तोय मी, आबा."

"मला कळलं," आबा म्हणाले.

मिस्त्रींनी एक सोपा मार्ग सुचवला. बॅटरीवरून मोटर ढकलून गाडी कायमची दोन चाकांवर आणून ठेवायची. रस्त्यावर नीट चालेल, फक्त परत कधी चारही चाकं ओढणार नाहीत. मला तो बरा वाटला. आबा मात्र उठून उभे राहिले. "नको. मग त्यो पुन्याचा म्हननार, म्हाताऱ्यानं मोडली ती मोडलीच." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. गोठ्यात आता जनावर नाही, पण राग आला की ते तिकडे जातात.

ती काळी डबी नवी कुठेच मिळेना. मिस्त्रींनी तीन ठिकाणी फोन करून पाहिले. मी सोलापूरला परत आले, गुरुवारी तास घेतले, आणि शुक्रवारी दुपारी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या गल्लीत गेले. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये दारं, आरसे आणि स्टिअरिंगची चाकं छताला टांगलेली होती. मालक सोललेला भुईमूग खात होता. मी डबीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो न बोलता आत गेला आणि दहा मिनिटांनी तशीच डबी घेऊन आला, वरची धूळ स्वतःच्या पँटीला पुसत.

"ले जाओ बाजी. लगाके देखो. नई चली तो वापस लाके देओ." मग त्याने विचारलं, "गाडी कौन चलाता?"

मी म्हटलं, वडील.

"उमर?"

मी सांगितली. त्याने भुईमुगाची मूठ माझ्यापुढे धरली. "मेरे अब्बा की लूना हम छुपाके रखे," तो म्हणाला. "एक महिना बात नई करे." मी दोन दाणे घेतले. त्याच्या अब्बांबद्दल आणखी विचारायचं धाडस मला झालं नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी गावी पोचले. मिस्त्री दुसऱ्या कामावर होते, त्यांनी फोनवर सांगितलं तसं मी एकटीने जुनी डबी सोडली आणि आणलेली जोडली. आबा दाराशी उभे राहून बघत होते. मी चावी फिरवली, गाडी चालू केली, न्यूट्रल, क्लच, बटण पहिल्या जागी. दहा आकडे मोजले. फोर एलचा दिवा विझला नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मी पाना हौद्यात फेकला. तो पत्र्यावर आपटून असा वाजला की शेजारच्या काकू परत भिंतीवर आल्या. मी त्यांना म्हटलं की आज गाडीखाली कोणी जाणार नाहीये, तुम्ही स्वयंपाक करा. त्या गेल्या, पण फार लांब गेल्या नसाव्यात. फ्यूज, रिले, मोटर, वायर आणि डबी, सगळं चांगलं होतं. म्हणजे राहिलं कोण? गाडी चालवणारा. उद्या भाऊ येणार, मी त्याला काय सांगणार? मी सगळं तपासलं आणि तुझंच बरोबर निघालं, असं सांगणार? मला आबांकडे बघवत नव्हतं.

आबा हळूच म्हणाले, "बटन बघ की."

दुसऱ्यांदा सांगत होते. मी ते फक्त त्यांचं तोंड बंद करण्यासाठी काढलं, हेही इथे लिहून ठेवते. स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, त्याच्या कडेने डॅशबोर्डची पट्टी उचकटली आणि बटण तारांसकट बाहेर ओढलं. मल्टिमीटर लावला. तिसऱ्या जागी, म्हणजे फोर एलवर, आकडा व्यवस्थित आला. मधल्या जागी आकडा नाचत होता. पहिल्या जागी काहीच आलं नाही. म्हणजे आबा बटण पहिल्या जागी नेत होते, पण तो हुकूम बटणाच्या बाहेर पडतच नव्हता. त्या काळ्या डबीला वाटत होतं, आबांना अजून फोर एलच हवंय.

मी बटणाची पाठ उघडली. आत पिवळा आणि लाल लगदा वाळून दगडासारखा झाला होता. त्याच्याखाली तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. पहिल्या जागेची पट्टी तर त्या हिरव्या थराखाली दिसतच नव्हती.

आबांनी जवळ येऊन चष्मा वर सरकवला. नख लावून थोडा लगदा काढला, बोटावर चोळला आणि वास घेतला.

"हळद हाय व्हय ही?"

हळद होती. कुंकूही होतं. आणि ते तिथे कोणी घातलं हे मला त्याच क्षणी कळलं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, शिवणयंत्र, आणि गाडी. गाडी धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि जिथे जिथे माणसाचा हात लागतो तिथे हळदीकुंकू लावायचं. हे काम आईचं होतं. आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मागच्या खंडेनवमीला मी सोलापूरहून आले आणि सगळं आईसारखं करायचं ठरवलं. पण कोरडं हळदीकुंकू प्लास्टिकवर टिकेना, बोटं उचलली की गळून पडायचं. फोटोत काही दिसेना. मग मी वाटीत नुकत्याच फोडलेल्या नारळाचं पाणी घेतलं आणि त्यात हळदीकुंकू चांगलं घट्ट कालवलं. स्टिअरिंगला लावलं, गिअरच्या मुठीला लावलं, आणि ह्या गोल बटणाला तर दोन बोटं भरून, सगळ्या कडेने लावलं, कारण ते मला सगळ्यात सुंदर दिसत होतं. थोडं आत ओघळलं. मी आणखी लावलं. मग फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले. भावाने लिहिलं होतं, "आईची आठवण आली."

नारळपाण्यात क्षार असतात. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते आणि तांब्याला तो ओलावा लागला की तांबं हिरवं पडत जातं. हे मी पोरांना दर वर्षी शिकवते. दोन तारा, एक काचेचं भांडं आणि मीठ घेऊन प्रयोग करून दाखवते. वीस वर्षं झाली.

आबा लगद्याकडे बघत होते. "तुझी आई कोरडं लावायची," ते म्हणाले.

ते मला लागेल असं बोलले नव्हते. त्यांना फक्त आठवलं होतं. पण माझे कान तापले आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. पाच दिवस मी त्यांना खोटं ठरवत होते. फोनवर विचारलं होतं, खरंच फिरवलं का. ज्या एकाच माणसाला बिघाड कुठे आहे ते ठाऊक होतं, त्याचं ऐकायचं सोडून मी अडीचशे किलोमीटर एसटीने हिंडून आले होते.

मी बटणाचे भाग सुटे केले. पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले, पट्ट्या चकचकीत होईपर्यंत बारीक पॉलिश पेपर मारला. आबा उन्हात बसून एकेक भाग फडक्याने कोरडा करत होते. मी सॉरी म्हणाले. आमच्या घरात हा शब्द सहसा वापरत नाहीत. आबांनी एक भाग माझ्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "हे बी पूस."

जुनीच काळी डबी परत लावली. बटण जोडलं. गाडी चालू, न्यूट्रल, क्लच. ह्या वेळी बटण आबांनी फिरवलं. खालून घर्र आवाज आला, काहीतरी टक् करून जागेवर बसलं, आणि फोर एलचा दिवा विझला. आबा हसले नाहीत. त्यांनी गाडी बंद केली आणि विचारलं, "हे सांगनार का त्याला?"

खरं तर मी तेव्हा मनात दुसरंच वाक्य तयार करत होते. "कनेक्शन ढिलं होतं." तेवढ्याने आबाही सुटत होते आणि मीही. घरात माझी किंमत विज्ञान शिकवणारी बाई म्हणून आहे. कोणाचा मिक्सर बंद पडला तरी मला विचारतात. गाडीच्या स्विचमध्ये नारळाचं पाणी ओतणारी बाई म्हणून पुढची वीस वर्षं काढायची मला हौस नव्हती.

"सांगते," मी म्हटलं.

"तूच सांग. मी सांगून पटायचं न्हाय."

भाऊ रविवारी दहाला आला. येताना आबांसाठी मऊ चपला आणि शुगर-फ्री बिस्किटं आणली होती. गिऱ्हाईक एक वाजता येणार होतं. मी त्याला पाणीसुद्धा न देता ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मोटर, डबी, बटण, लगदा. थोडा लगदा मी कागदात बांधून ठेवला होता, तो दाखवला. मोबाइलवर खंडेनवमीचा फोटो दाखवला, ज्यात बटणावर माझी दोन बोटं स्पष्ट उमटली होती. "आबांनी काहीही चूक केली नाही," मी म्हटलं. "केली ती मी. ग्रुपवरही मीच लिहिणार आहे."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, इतका की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "नारळाचं पाणी? ताई, तू?" आबाही गालात हसले. मला बरं वाटलं. माझी फजिती झाली, पण आबा सुटले, असं मला वाटलं.

मग हसू आवरून तो म्हणाला, "बरं झालं, गाडी चालू झाली. आता भावही नीट येईल."

"कशाचा भाव?"

"अगं, द्यायची तर आहेच ना? ह्या वयात..."

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. भिंतीपलीकडे काकूंनी रेडिओ बंद केला एवढं सांगते. मी म्हटलं की बिघाड सापडला नसता तर दोष आबांचा, आणि सापडला तरी शिक्षा आबांनाच, मग मी पाच दिवस कशासाठी घासत होते? तो म्हणाला की मला फक्त काळजी वाटते. मी म्हटलं, काळजी वाटणारा माणूस आधी विचारतो. तो म्हणाला, "तू विचारलं होतंस का?" ह्यावर मी आणखी मोठ्याने बोलले.

आबा उठले. खुंटीवरची चावी घेतली आणि भावाला म्हणाले, "चल. बागंत जाऊन येऊ. बस फुडं."

भाऊ पुढे बसला, मी मागे. आबांनी गाडी गल्लीतून काढली, शेतांमधल्या पांदीने ओढ्यापर्यंत नेली आणि चढाच्या पायथ्याशी उभी केली. मग प्रत्येक गोष्ट तोंडाने बोलत केली, शाळेत कविता म्हणून दाखवावी तशी. "थांबली. न्यूट्रल. क्लच." बटण फिरवलं आणि एक ते दहा मोठ्याने मोजलं. चारला दिवा लागला, तरी त्यांनी दहापर्यंत मोजलं. गाडी मुरूम दाबत सावकाश वर चढली. वरून खडे घरंगळत गेले. भाऊ दरवाज्याच्या मुठीला धरून समोर बघत होता. माथ्यावर बागेच्या बांधाशी सपाटीला आबांनी गाडी थांबवली, पुन्हा सगळं म्हणत बटण पहिल्या जागी आणलं. दिवा विझला.

डाळिंबाला नवी पालवी होती. 

"आबा, चुकलं माझं," भाऊ म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं, हे मला मागून त्याच्या मानेवरूनही कळलं. "मी त्या माणसाला फोन करून नको म्हणतो. चावी तुमच्याकडंच राहू द्या."

आबांनी गाडी बंद केली, चावी काढली आणि मागे वळून माझ्या हातात दिली.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय," ते म्हणाले. "दिवाळीपासनं. निसतं पांढरं पांढरं दिसतंय."

भाऊ आणि मी एकदमच काहीतरी बोलायला लागलो, डॉक्टर, आधी का नाही सांगितलं, असं काहीतरी. त्यांनी हाताने थांबवलं.

"सांगनार हुतो. चावी बी देनार हुतो, माझी मी. तवर ते व्हिडिवचं झालं. मग म्हटलं, आता दिली तर समदे म्हननार, म्हातारा इसरतोय म्हनून काढून घेतली. मी इसरलो न्हवतो." त्यांनी बटणाकडे बोट केलं. "हे आदी मिटू दे म्हटलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. आबा दार उघडून उतरले, समोरून गाडीला हात लावत वळसा घालून डाव्या दाराशी आले आणि भावाला म्हणाले, "तू जा मागं."

मी स्टिअरिंगवर बसले. ही गाडी मी आधी कधी चालवली नव्हती, सीट पुढे घ्यायला खटका कुठे आहे तेही आबांनी दाखवलं. उताराला पहिल्या गिअरमध्येच राहा म्हणाले, राहिले. ओढा ओलांडला. पांद जिथे डांबरी रस्त्याला लागते तिथे झाडी दाट आहे आणि काही दिसत नाही. मी गाडी थांबवली.

"डावीकडनं कोन येतंय का बघ गं," आबा म्हणाले. "मला न्हाय दिसत."

भाऊ मागच्या सीटवरून पुढे वाकला आणि डावीकडे बघू लागला. मीही बघितलं. कोणी येत नव्हतं. मी गाडी रस्त्यावर घेतली.